'अर्धसत्य'च्या शेवटी टाळ्या कशासाठी वाजल्या?

रावपुरेकर
मंडळी, एक प्रश्न बरीच वर्षं डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो. गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' १९८३ चा. बडोद्यात लागला तेव्हा आम्ही कॉलेजची पोरं थेटरात जाऊन पाहून आलो. शेवटी फौजदार वेलणकर गुंड रामा शेट्टीचा गळा आवळतो तिथे सगळं थेटर टाळ्याशिट्ट्यांनी दणाणलं. पुढे गल्लीत भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला, तिथेही तेच. परवा भाच्याबरोबर पुन्हा पाहिला, तोही त्याच जागी "एक नंबर!" म्हणाला.

मला त्या टाळ्या खटकतात. शेवटाच्या थोडंसं आधी याच वेलणकरनं लॉकअपमध्ये एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारलेलं असतं. त्या माणसावर आरोप काय, तर ट्रान्झिस्टर चोरल्याचा. त्या प्रकरणातून सुटायला वेलणकर शेट्टीच्या दारात जातो. शेट्टी मदत करायला तयार आहे, पण त्याला आपल्या पदरी ठेवून. तेव्हा हा त्याला मारतो. आपण टाळ्या वाजवतो ते शेट्टी मेला म्हणून. तो चोर मात्र कुणाच्या लक्षातही राहत नाही.

माझं मत असं की लोकांनी 'अर्धसत्य' डोक्यावर घेतला, पण पाहिला 'जंजीर'सारखा. विजय तेंडुलकरांनी पटकथेत जे लिहिलं होतं ते तसंच पडद्यावर राहिलं आणि घरी आलं दुसरंच. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या का?

शेवउसळ
वाजवल्या. जोरात. सविस्तर जेवून लिहितो.

मांडवीची मुलगी
मी तेव्हा जन्मले नव्हते. कॉलेजात असताना पाहिला आणि पहिल्यांदा फक्त ओम पुरींचा चेहरा बघत बसले. नायक असा दिसू शकतो, असा घाम पुसू शकतो, हेच नवीन होतं. बाकी दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळलं. त्यात गाणं नाही, हे तर मला कुणीतरी सांगेपर्यंत जाणवलंच नव्हतं.

रावपुरेकर काका, तुमचा मुद्दा पटला. पण 'लोकांना कळलं नाही' असं म्हणण्याआधी त्या लोकांनी काय पाहिलं होतं तेही बघायला हवं ना?

शेवउसळ
जेवण झालं. लिहितो.

काका, तो सिनेमा आठवा. वेलणकर शेट्टीला पकडायला त्याच्या अड्ड्यावर जातो, शेट्टी एक फोन करतो आणि अटक बारगळते. हा डोंगरात जाऊन डाकू पकडून आणतो, श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळतं. त्याचा वरचा हैदर अली चांगला माणूस आहे, पण तो त्याला शिकवतो काय, तर दिल्लीपर्यंत कुणाची ओळख काढता येईल! घरात बाप, जो स्वतः हवालदार होता आणि ज्यानं कॉलेज करायचं म्हणणाऱ्या पोराला खाकीत ढकललं. दोन तास आपण त्याच्याबरोबर गुदमरतो. शेवटी तो हात उचलतो तेव्हा टाळी वाजते ती श्वास मोकळा झाला म्हणून. त्यात शेट्टीच्या मरणाचा आनंद किती आणि स्वतःच्या सुटकेचा किती, हे तेव्हा कुणी मोजत बसत नाही.

आणि आपण हा सिनेमा कुठे पाहत होतो? दारूबंदीच्या राज्यात. १९६० पासून कायद्यानं बंदी आणि दारूची पोटली कुठल्या गल्लीत मिळते ते शाळकरी पोराला माहीत. हप्ता कुठे जातो तेही माहीत. आमच्या वाडीत एक बुटलेगर होता, गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी त्याची, आणि फोजदार त्याच्याच ओट्यावर चहा पिणार. रामा शेट्टी आम्हाला नवा नव्हता. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा गुंड हे आमच्यासाठी नाट्य नव्हतं, शेजार होता. त्याला कुणीतरी हात लावला म्हणून हात आपोआप एकमेकांवर आपटले.

सूरसागर
+१. श्वास मोकळा झाला, हेच.

फाइन आर्ट्सवाला
या धाग्यावर बडोद्याची माणसं आहेत आणि अजून कुणी दिलीप चित्र्यांचं नाव काढलं नाही?

सिनेमातली ती कविता, चक्रव्यूहाची, चित्र्यांची. आणि चित्रे आपल्या बडोद्याचे, १९३८ चा जन्म इथला. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे इथून 'अभिरुची' मासिक काढायचे. मराठी नवसाहित्याला जागा देणारं मासिक बडोद्यातून निघायचं हे आपल्याच मुलांना सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

आता कविता कशी वापरलीय ते बघा. ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, कॉलेजात शिकवणारी. ती त्याला पुस्तक देते. हॉटेलात बसल्या बसल्या तो सहज वाचायला लागतो, एखादा पोलीस कवितेकडे ज्या थोड्या संकोचानं बघेल तसा. ओळी पुढे जातात तसा आवाज खाली जातो, चेहरा घट्ट होतो. वाचून संपतं तेव्हा समोर बसलेला माणूस वेगळाच असतो. कॅमेरा काही कसरत करत नाही. निहलानी मूळचे कॅमेऱ्याचे, व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली तयार झालेले, आणि हा सिनेमा त्यांनी स्वतःच चित्रित केला. कुठे नुसतं थांबून बघायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं.

रावपुरेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कवितेत दिसतं. शेवट तिथेच सांगून टाकलाय. चक्रव्यूहात शिरण्याआधी मी कोण होतो आणि बाहेर पडल्यावर माझं काय उरेल, हे कळणार नाही, असं ती कविता म्हणते. जो माणूस हे वाचून गप्प झाला, त्याचा शेवट विजयाचा कसा असेल?

ओटीटीवाला
अवांतर: चित्रे बडोद्याचे हे मला आजच कळलं. आणखी कोण कोण आपलं आहे?

फाइन आर्ट्सवाला
अवांतरच करायचं तर दादासाहेब फाळके. कलाभवनात शिकले, म्हणजे भारतीय सिनेमाची मुळंच सयाजीराव महाराजांच्या संस्थेत.

शेवउसळ
झालं! आता इथून धागा भाकरवडीवर जाणार.

रावपुरेकर
भाकरवडीचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे सिनेमा. :-)

काळा कोट
मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे मला त्या चोराबद्दल लिहायचंय.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हे आजचं नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून तसंच आहे. मग मारतात कशाला? कारण त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये एक खिडकी होती. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर सांगण्याचा तेवढा भाग चालतो. म्हणजे मुद्देमाल निघाला पाहिजे. ट्रान्झिस्टरच्या चोराला मारतात ते या मुद्देमालासाठी, आणि त्याच्या नावावर आणखी चार चोऱ्या 'उघड' झाल्या तर महिन्याचा तक्ता चांगला दिसतो म्हणून. सिनेमातला वेलणकर मात्र मुद्देमालासाठी मारत नाही. तो त्या माणसावर ओरडतो की तू दुसऱ्यांचे हक्क चोरतोस. ते शब्द शेट्टीसाठी आहेत, साहेबांसाठी आहेत, बापासाठी आहेत. ज्यांना मारता येत नाही त्या सगळ्यांचा मार एका माणसाला पडतो, कारण तो एकटाच असा आहे की ज्याच्यासाठी फोन येणार नाही.

१९८३ मध्ये अशा मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जायची, आपल्याकडच्या भाषेत मामलतदार किंवा प्रांत. तो महसूल खात्याचा माणूस, शासनाचाच. म्हणून सिनेमात शेट्टीचा शब्द उपयोगी पडेल असं सगळ्यांना वाटतं, ते अगदी खरं आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची, ही दुरुस्ती २००५ साली झाली आणि २००६ मध्ये लागू झाली. मानवी हक्क आयोग १९९३ चा. कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत आयोगाला कळवायचं, हा दंडक त्यानंतरचा. अटकेचा मेमो, नातेवाईकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घालून दिलं. वेलणकरच्या ठाण्यात यातलं काहीच नव्हतं.

टाळ्यांचं म्हणाल, तर 'अर्धसत्य'च्या थोडंच आधी, १९७९-८० मध्ये, बिहारात भागलपूरचं प्रकरण झालं होतं. पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलं. वर्तमानपत्रांनी ते बाहेर काढलं, पोलीस निलंबित झाले, आणि गावातले लोक पोलिसांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. तेंडुलकर तर त्याआधीच नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या हिंसेचा अभ्यास करून बसले होते. थेटरात टाळ्या कुठे पडणार हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मांडवीची मुलगी
"ज्याच्यासाठी फोन येणार नाही." काळा कोट, हे वाक्य वाचून थांबले.

पुण्यातला बडोदेकर
सगळं वाचलं. पण मला जरा वेगळं म्हणायचंय. तेंडुलकरांना टाळ्या माहीत होत्या, निहलानींना माहीत होत्या, तर मग त्यांनी शेट्टीचा खून तसा का घेतला? रामा शेट्टीला इतका हलकट केला, त्याच्या तोंडी इतका अपमान घातला, की बघणाऱ्याला दुसरा रस्ताच उरत नाही. 'आक्रोश' (१९८०) याच जोडीचा. त्याच्या शेवटी लहान्या भिकू कुऱ्हाड उचलतो ती बहिणीवर, आणि थेटरात शांतता पसरते. टाळी वाजवायची कुणाची छाती होत नाही. 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी प्रेक्षकाला थोडं पुढे येऊ दिलं. म्हणूनच तो चालला. समांतर सिनेमाच्या पोस्टरकडे न बघणारे लोक याला रांगेत उभे राहिले. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण मग दोष सगळा प्रेक्षकाचा म्हणू नये.

रावपुरेकर
पुणेकर, तुलना एकदम मान्य. 'आक्रोश'च्या शेवटी खरंच कुणी हलत नाही.

पण एक बाजू सुटतेय. शेट्टीला मारल्यावर वेलणकर पळत नाही, लपत नाही. सरळ ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. 'जंजीर'चा नायक वर्दीबाहेर राहून हिशेब चुकता करतो आणि आपण हसतमुख घरी येतो. इथे सिनेमा गळा आवळण्यावर संपत नाही, ठाण्यात संपतो. माझी तक्रार हीच आहे की आमच्या थेटरात तोवर लोक उठून चपला शोधायला लागले होते.

सूरसागर
ओम पुरींना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं होतं ना?

शेवउसळ
नाही. त्या वर्षी ते 'मासूम'साठी नसीरुद्दीन शाहांना गेलं. 'अर्धसत्य'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, कथा, पटकथा आणि सहाय्यक अभिनेता. कथेचं एस. डी. पानवलकरांना, कारण सिनेमा त्यांच्या 'सूर्य' या कथेवरून. सहाय्यक अभिनेत्याचं सदाशिव अमरापूरकरांना. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार, आणि १९८४ मध्ये कार्लोवी व्हेरीच्या महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेता.

आणि गंमत बघा, याच सिनेमात नसीर आहेतच की! निलंबित झालेला, दारूसाठी हात पसरणारा माइक लोबो. अगदी थोडा वेळ. पण वेलणकर त्याच्याकडे बघतो तेव्हा आपलाच उद्या बघतोय असं वाटतं.

सूरसागर
धन्यवाद. अमरापूरकरांवर कुणीतरी लिहा. आमच्या आईनं 'अर्धसत्य' पाहिल्यानंतर ते कुठल्याही सिनेमात दिसले की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. "त्याचं बोलणं ऐकायचं नाही मला," म्हणायची.

पुण्यातला बडोदेकर
आईंचं बरोबर आहे. सगळी जरब बोलण्यातच होती.

अमरापूरकर नगरचे, नाटकातून आलेले. 'हँड्स अप' नाटकात निहलानींनी त्यांना पाहिलं आणि शेट्टी दिला. तोवर हिंदी सिनेमातला खलनायक म्हणजे मोठा अड्डा, शेजारी चार पहिलवान, गडगडाटी हसू. रामा शेट्टी आवाज चढवतच नाही. त्याला गरज नाही, त्याच्याकडे टेलिफोन आहे. मोजके प्रसंग आहेत त्यांचे, पण सिनेमाभर तो माणूस खोलीत असल्यासारखा वाटतो. पुढे 'सडक'मधल्या महाराणीनं त्यांना मोठं नाव दिलं, पण माझ्या लेखी शेट्टीच्या जवळपास काही नाही.

संवाद वसंत देवांचे, हेही लक्षात ठेवायला हवं. पंजाबी ओम पुरी मराठी फौजदार वाटतात यात त्या हिंदीचा मोठा वाटा आहे. पांढरपेशा मराठी घरात वाढलेला माणूस हिंदी जशी बोलेल तशी ती येते.

मांडवीची मुलगी
स्मिता पाटीलबद्दल कुणी बोलत नाहीये, तेव्हा मीच.

बरेच जण म्हणतात तिला काही कामच नव्हतं. मला तसं वाटत नाही. अख्ख्या सिनेमात वेलणकरला त्याच्या मारण्याबद्दल प्रश्न विचारणारी ती एकटी आहे. बाकी सगळे त्याला युक्त्या सांगतात: दिल्लीत ओळख काढ, शेट्टीला भेट, गप्प बस. ती त्याच्यावर प्रेम करते आणि तरी त्याच्यापासून दूर होत जाते, कारण हे हात कुठे थांबतील हे तिला कळत नाही. लहानपणी बापाला आईवर हात टाकताना बघून गप्प राहिलेला मुलगा आहे तो. अमरीश पुरींनी तो बाप असा केलाय की आधी राग येतो आणि म्हातारा झाल्यावर त्याच्याकडे बघवत नाही. बापाचा हात मुलात उतरलाय हे ज्योत्स्नाला कुणी न सांगता समजतं.

त्याच्या आधीच्याच वर्षी ती 'उंबरठा'त होती, तोही तेंडुलकरांचाच. दोन्हीकडे ती बाहेर पडते. माझ्या आजीला 'उंबरठा'चा शेवट पटला नव्हता आणि ज्योत्स्नाचं दूर जाणं लगेच पटलं. का, ते विचारायचं राहून गेलं.

ओटीटीवाला
माझ्या वयाच्या लोकांसाठी लिहितो. आम्ही हा सिनेमा तुकड्यांत पाहिलाय. शेट्टीच्या खुनाची क्लिप, कवितेची क्लिप. लॉकअपची क्लिप कुणी पाठवत नाही. आणि आता पोलिसांवरचे सिनेमे बघाल तर लॉकअपमधली मारहाण हाच टाळीचा प्रसंग असतो, मागे मोठं संगीत लावून. म्हणजे ज्या प्रसंगापाशी निहलानी आपल्याला ओशाळं करतात, त्याच प्रसंगावर आज तिकिटं विकली जातात.

काळा कोट यांनी भागलपूरचं सांगितलं. आमच्या पिढीचं उदाहरण हैदराबादचं. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी 'चकमकीत' मारले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. माझ्या ग्रुपवर तर दिवसभर अभिनंदन चालू होतं. पुढे न्या. सिरपूरकरांच्या आयोगानं पोलिसांनी ठार मारण्याच्याच हेतूनं गोळीबार केल्याचा निष्कर्ष काढला, तो अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. त्या दिवशी ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

खाकी घरातली
मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा धागा सोडवला नाही.

माझे वडील गुजरात पोलिसांत जमादार होते. आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. 'अर्धसत्य' त्यांनी लाइनीतल्या मित्रांबरोबर पाहिला. त्या सगळ्यांना काय आवडलं असेल? टाळ्या नाहीत, भाषणं नाहीत. वेलणकरची ड्युटी. रात्रभर बंदोबस्त करून घरी यायचं, बूट काढायच्या आत निरोप यायचा. बाबा म्हणाले होते, "या माणसाला झोप मिळत नाही हे त्यांनी दाखवलं. कुणी दाखवत नाही." मला वाटतं सिनेमावाल्यांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो एकच चांगला शब्द.

पण लॉकअपच्या प्रसंगाबद्दल ते वेगळंच बोलायचे. ते म्हणायचे, मारणारा एक दिसतो, बाकीचे कुठे होते ते बघ. ठाण्यात रात्री पीएसओ, म्हणजे ठाणे अंमलदार असतो, स्टेशन डायरी त्याच्या हातात. लॉकअपवर पहारेकरी असतो. साहेब आत गेले, आवाज येतोय, तेव्हा डायरीत काय लिहायचं? आरोपी आजारी पडला असं? पडून लागलं असं? सकाळी जो माणूस मेलेला सापडतो त्याच्या आधी डायरीचं पान तयार असतं. एका तालुक्याच्या ठाण्यात त्यांच्यासमोर असं झालं होतं. मारणारे साहेब बदली होऊन गेले. पहाऱ्यावरचा शिपाई निलंबित झाला. तो शिपाई आमच्या लाइनीत दोन घरं सोडून राहायचा. त्याच्या बायकोनं नंतर खाणावळ चालवली. मेलेल्या माणसाची बायको ठाण्याच्या झाडाखाली पोरांना घेऊन बसलेली असायची, हेही बाबांनीच सांगितलं. तिला काय मिळालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शेवउसळ, तुमचा श्वास मोकळा झाला हे मला समजतं, खरंच. आमच्या घरातही सगळ्यांना रामा शेट्टीचा राग होता, कारण आम्ही त्याच्या ओट्यावर चहा पिणाऱ्या साहेबांना जवळून बघायचो. पण खात्यातल्या माणसाला त्या सिनेमात सगळ्यात भीतीदायक वाटतो तो शेट्टी नाही, लॉकअपचा बंद दरवाजा आहे. कारण शेट्टी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तो दरवाजा रोजच्या ड्युटीत येतो.

काळा कोट
ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. कोठडीतल्या मृत्यूच्या खटल्यात नेमकं इथेच अडतं. साक्षीदार म्हणजे त्याच रात्री ड्युटीवर असलेले दोनतीन शिपाई, ज्यांची नोकरी त्याच साहेबांच्या शेऱ्यावर चालते. बाहेरचा माणूस तिथे असतच नाही.

शेवउसळ
खाकी घरातली, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

मी अजूनही म्हणतो की टाळी वाजवणारा माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे तक्रार करायला जागा नव्हती, थेटरातला अंधार होता. पण तुम्ही त्या शिपायाचं सांगितलंत, ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. पहाऱ्यावरचा माणूस सिनेमात कसा उभा आहे, हे आता मुद्दाम बघणार आहे.

पुण्यातला बडोदेकर
मग रावपुरेकर, माझं उत्तर असं. टाळ्या शेट्टीच्या मरणाला नव्हत्या, फोनला होत्या. आयुष्यात एकदा तो फोन लागला नाही, म्हणून. आणि सिनेमा मोठा आहे तो यासाठी की वेलणकरही दुसऱ्या कुणासाठी तसाच फोन होऊन बसलाय, हे त्यानं लपवलं नाही. चोराच्या जागेवरून बघितलं तर वेलणकर आणि शेट्टी एकाच बाजूला उभे आहेत.

रावपुरेकर
पुणेकर, हे मला हवं होतं, नेमक्या शब्दांत. फक्त 'टाळ्या फोनला होत्या' यावर माझं समाधान होत नाही. भाचा आजच्या काळात वाढलाय, त्यानं कुठलाही हप्ता पाहिलेला नाही, तरी तो त्याच जागी खूश झाला. तिथे फक्त गुदमरणं पुरत नाही. मारणाऱ्याच्या जागी उभं राहायला आपल्याला आवडतं, आणि सिनेमा ती जागा इतकी जवळ आणून ठेवतो की पाय आपोआप तिकडे वळतो. निहलानी त्या जागेवर आपल्याला नेतात आणि मग ठाण्यात आणून बसवतात. दुसरा भाग बघायला माणसानं खुर्चीत बसून राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

एक सुचवतो. आमच्या वाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी एकत्र बसून पाहू. अख्खा, क्लिपा नाहीत. नंतर चहा आणि वाद.

मांडवीची मुलगी
मी येणार.

ओटीटीवाला
मीही. दोन मित्रांना आणतो, त्यांनी फक्त क्लिपच पाहिलीय.

फाइन आर्ट्सवाला
येतो. 'अभिरुची'चा एखादा जुना अंक मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मिळतो का बघतो. मिळाला तर निदान मुखपृष्ठाचा फोटो काढून आणीन.

शेवउसळ
खाणं माझ्याकडे. काय ते ओळखलंच असेल.

खाकी घरातली
मला यायचंय, आणि आईलाही आणायचंय. बाबा पाहून आले तेव्हा ती लाइनीत आम्हा पोरांना घेऊन घरी होती, तिचा सिनेमा राहूनच गेला. पण गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. हॉल वर आहे का खाली?

रावपुरेकर
वर आहे, पण त्याची काळजी नको. टीव्ही खाली ओसरीवर आणतो, पडदे लावले की अंधार होतो. आईंसाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवतो. तीन वाजता सुरू करू, म्हणजे त्यांना उजेडी घरी जाता येईल. पत्ता सगळ्यांना निरोपात पाठवतोय.